संघाची थैली आणि खेळाडूची किंमत

विद्यार्थिमित्रहो, कबड्डीचा सामना पाहतांना आपली दृष्टि मैदानावर खिळलेली असते. चढाईस गेलेला गडी निदानरेषा ओलांडतो, कोपऱ्यांतील गडी त्याच्या घोट्याकडे झेपावतो, आणि क्षणार्धांत सामन्याचें पारडें फिरतें. परंतु या जय-पराजयाचा बराचसा भाग कित्येक महिने आधीं, मैदान ओस पडलेलें असतांना, कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या चार-सहा माणसांच्या बैठकींत ठरून गेलेला असतो. कोणत्या गड्यास ठेवावयाचें, कोणास निरोप द्यावयाचा, आणि हातांतील ठराविक रकमेंत उरलेल्या जागा कशा भरावयाच्या, हा त्या बैठकीचा विषय असतो. आपल्या आटपाडीच्या परिसरांत कबड्डी न खेळलेला मुलगा विरळा. पण या दुसऱ्या, पडद्यामागील खेळाची ओळख फारच थोड्यांस असते. ती करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कबड्डी, अथवा आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं असलेला हुतुतू, हा महाराष्ट्राच्या मातींत वाढलेला खेळ होय. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें त्याचें प्रात्यक्षिक जगापुढें केलें. शंकरराव तथा बुवा साळवी यांनीं या खेळासाठीं आयुष्य वेंचलें, म्हणून त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा महाराष्ट्रांत कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. हा खेळ अनेक पिढ्या बक्षिसाची ढाल, गांवाचा मान आणि फार तर एखादी नोकरी एवढ्यावरच चालला. २६ जुलै २०१४ रोजीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि चित्र पालटलें. पहिल्या वर्षीं आठ संघ होते; २०१७ पासून ते बारा झाले. त्यांत महाराष्ट्राचे दोन संघ आहेत : मुंबईचा यू मुंबा व पुण्याची पुणेरी पलटण. आपल्या सांगली जिल्ह्यांतील काशिलिंग आडके हा पहिल्याच हंगामांत दिल्लीच्या संघाकडून चढाई करतांना साऱ्या देशानें पाहिला. खेळांत पैसा आला, आणि पैशाबरोबर हिशोबहि आला.

या हिशोबाचें मूळ तत्त्व म्हणजे वेतनाची मर्यादा. प्रत्येक संघानें आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून अमुक रकमेहून अधिक खर्च करावयाचा नाहीं, असा हा नियम आहे. २०२३ सालीं दहाव्या हंगामापूर्वीं ही मर्यादा पांच कोटि रुपये ठरली. तिला संघाची थैली म्हणतात. एखादा मालक कितीहि धनाढ्य असो, थैली सर्वांची सारखीच.

असा निर्बंध कां घालावा, हा प्रश्न विचारी वाचकाच्या मनांत येईलच. ज्याच्याजवळ पैसा आहे, त्यास तो खर्चूं कां देऊं नये? याचें उत्तर सोपें आहे. निर्बंध नसेल तर सर्वांत श्रीमंत संघ सर्व नामांकित खेळाडू उचलून नेईल. मग निकाल आधींच ठाऊक असलेले सामने कोण पाहील? प्रेक्षक ओसरले कीं उत्पन्न आटतें, आणि तें आटलें कीं श्रीमंत संघाचीहि शोभा जाते. अर्थात्, दुबळ्याचें रक्षण करण्यांतच बलवानाचेंहि हित असतें. उत्तर अमेरिकेंतील बर्फावरील हॉकीचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्यें मालक व खेळाडू यांचा याच मर्यादेवरून तंटा झाला, आणि २००४-०५ चा संपूर्ण हंगाम एकहि सामना न होतां रद्द करावा लागला. पुढील हंगामापासून प्रत्येक संघास ३ कोटि ९० लक्ष डॉलरांची मर्यादा लागू झाली. आपल्याकडील हॉकी इंडिया लीगचें पुनरुज्जीवन झालें, तेव्हांहि २०२४ च्या लिलावांत पुरुषांच्या प्रत्येक संघास चार कोटि रुपयांची थैली दिली होती. देश निराळे, खेळ निराळे. पण तत्त्व एकच.

आतां थोडें अंकगणित करूं. संघांत कमीत कमी अठरा व जास्तींत जास्त पंचवीस खेळाडू असावे लागतात. पांच कोटि रुपये पंचवीस जणांस सारखे वांटले, तर प्रत्येकाच्या वांट्यास वीस लक्ष येतात. परंतु समजा, संघानें एकाच गड्यास २ कोटि ३५ लक्ष दिले. तर थैलींत २ कोटि ६५ लक्ष उरले. संघ अठरांचाच ठेवला, तरी उरलेल्या सतरा जणांस सरासरी साडेपंधरा लक्षांच्या आसपासच पडतात. एकाच्या पदरांत थैलीचा शेंकडा ४७ भाग, आणि सतरांच्या पदरांत मिळून ५३. तो एकटा कितीहि पराक्रमी असला, तरी मैदानावर सात जण उतरतात. आणि त्या सातांपैकीं कोणी जायबंदी झाल्यास त्याची जागा घेणारा राखीव गडीहि त्याच थैलींतून आणावा लागतो. म्हणून मोठी बोली लावतांना संघ खेळाडू विकत घेतो असें म्हणण्यापेक्षां, इतर चार-पांच चांगल्या खेळाडूंवर तो पाणी सोडतो, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. मर्यादेच्या आंत केलेली प्रत्येक निवड हा एक त्यागच असतो.

ही निवड कोणत्या क्रमानें होते, तें पाहूं. हंगाम संपल्यावर संघ प्रथम राखावयाच्या खेळाडूंची यादी जाहीर करतो. त्यांत कांहीं अनुभवी असतात व कांहीं संघानेंच वाढविलेले तरुण असतात. राखलेल्यांचें वेतन थैलींतून वजा होतें, आणि उरलेल्या रकमेनिशीं संघ लिलावास बसतो. लिलावांतील खेळाडूंचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले असतात. २०२३ च्या लिलावांत त्यांच्या मूळ किंमती अनुक्रमें तीस, वीस, तेरा व नऊ लक्ष रुपये होत्या. तेथून बोली चढत जाते. शिवाय एक सवलत अशी कीं, मोकळ्या केलेल्या आपल्या जुन्या गड्यावर दुसऱ्यानें अखेरची बोली लावली असतां, तेवढीच रक्कम देऊन जुना संघ त्यास परत घेऊं शकतो. परंतु ही संधि मोजकीच असते, आणि त्या वेळीं थैलींत तेवढी रक्कम शिल्लक असावी लागते.

'लिलाव' हा शब्द ऐकून पुष्कळ पालकांस वाईट वाटतें. उत्तरेश्वराच्या यात्रेंत खिल्लारी खोंडाचे दांत पाहावे, रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरवावा, तसाच हा माणसांचा बाजार नव्हे काय, असें कोणी विचारील. शंका निष्कारण नाहीं. तथापि दोहोंत एक भेद आहे. खोंडाची संमति कोणी विचारीत नाहीं. खेळाडू मात्र आपलें नांव स्वतः लिलावांत देतो, आणि बोलीची रक्कम त्याच्याच पदरांत पडते. विकली जाते ती त्याची ठराविक काळाची सेवा. तो स्वतः नव्हे. हा भेद खेळाडूनें, मालकानें व प्रेक्षकानें ध्यानांत ठेवला तरच लिलावाची पद्धति शोभेल. ज्या दिवशीं खेळाडू स्वतःच आपल्या बोलीला आपली योग्यता समजूं लागेल, त्या दिवशीं मात्र बाजार व मैदान यांत अंतर उरणार नाहीं.

बोली व योग्यता यांतील अंतर दाखविणारीं उदाहरणें या लीगच्या थोडक्या इतिहासांतच भरपूर आहेत. २०२२ सालीं तामिळ तलैवाज या संघानें पवन सेहरावत या विख्यात चढाईपटूस २ कोटि २६ लक्ष ५० हजार रुपये देऊन घेतलें. नवव्या हंगामांतील पहिल्याच सामन्यांत त्याच्या गुडघ्यास दुखापत झाली, आणि सारा हंगाम त्यास बाहेर बसावें लागलें. संघाचा आधारस्तंभच गेला, आतां काय उरलें, असें सर्वांस वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु नरेंदर कंडोला या नवोदित चढाईपटूनें भार उचलला, आणि तो संघ प्रथमच उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. पुढील वर्षीं तेलुगु टायटन्सनें पवनवर २ कोटि ६० लक्ष ५० हजारांची बोली लावली. म्हणजे अर्ध्याहून अधिक थैली एकाच्या नांवें झाली. पवन खेळला, झुंजला; पण संघास बावीस सामन्यांत दोनच विजय मिळाले व तो तळाशीं राहिला. यांत पवनचें न्यून दिसत नाहीं. एका खांबावर मांडव उभा राहत नाहीं, एवढेंच यांतून दिसतें.

परंतु याच नाण्याची दुसरी बाजू पुण्याच्या संघानें दाखविली, आणि ती अधिक विचार करण्याजोगी आहे. त्याच २०२३ च्या लिलावांत पुणेरी पलटणीनें इराणचा बचावपटू मोहम्मदरझा शादलुई यास २ कोटि ३५ लक्ष रुपयांस घेतलें. वर केलेला हिशोब याच रकमेचा होता. मग टायटन्सची जी गत झाली, ती पलटणीची कां झाली नाहीं? कारण तिच्याजवळ तरुणांची फळी आधींच उभी होती. अहिल्यानगर जिल्ह्यांतील टाकळीभानचा अस्लम इनामदार हा कर्णधार होता, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी होतकरू मंडळी सोबत होती, आणि बी. सी. रमेश यांच्यासारखे प्रशिक्षक होते. शादलुई हा त्या इमारतीचा कळस ठरला. पाया आधींच भरलेला होता. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें पलटणीनें हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून प्रथमच विजेतेपद पटकावलें. अस्लम त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर शादलुई सर्वोत्तम बचावपटू.

आतां खरा कसोटीचा प्रसंग पुढें आला. विजय मिळाला कीं गड्यांची कीर्ति वाढते, आणि कीर्तीबरोबर किंमत वाढते. थैली मात्र तेवढीच राहते. विजेत्या संघास सर्वांनाच पूर्वींच्या घडीप्रमाणें जवळ ठेवणें म्हणूनच कठीण जातें. अकराव्या हंगामापूर्वीं पलटणीनें अस्लम, मोहित, पंकज, आकाश या आपल्या तरुणांस राखलें, आणि शादलुईस मोकळें केलें. ऑगस्ट २०२४ मधील मुंबईच्या लिलावांत त्यास कोणीं घेतलें? पाँच महिन्यांपूर्वीं अंतिम सामन्यांत ज्यांना त्यानें धूळ चारली होती, त्याच हरियाणा स्टीलर्सनीं, २ कोटि ७ लक्ष रुपयांस! आणि पुढें काय झालें? २९ डिसेंबर २०२४ रोजीं, पुण्याच्याच बालेवाडींत, हरियाणानें पाटणा पायरेट्सचा ३२-२३ असा पराभव करून विजेतेपद मिळविलें. शादलुई हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गतविजेती पलटण मात्र पहिल्या सहा संघांतहि आली नाहीं. तिचा कर्णधार अस्लम गुडघ्याच्या दुखापतीमुळें अर्ध्या हंगामांतच बाहेर गेला होता.

त्या दिवशीं पुण्यांतील कोणाहि प्रेक्षकास विचारलें असतें, तर पलटणीनें घोडचूक केली, असेंच उत्तर मिळालें असतें. परंतु कथा येथें संपत नाहीं. २०२५ च्या लिलावांत हरियाणाकडूनहि शादलुई सुटला व २ कोटि २३ लक्षांस गुजरात जायंट्सकडे गेला. पुणेरी पलटण अजय ठाकूर या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखालीं, अस्लम बरा होऊन परतल्यावर, आपल्या त्याच वाढविलेल्या मंडळींच्या बळावर उभी राहिली आणि बाराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं दिल्ली येथें दबंग दिल्लीनें तिला ३१-२८ असें हरविलें. केवळ तीन गुणांनीं. गुजरातला मात्र विजेतेपद लाभलें नाहीं.

तर मग निर्णय बरोबर होता कीं चूक? २०२४ सालीं पाहावें तर चूक, २०२५ सालीं पाहावें तर बरोबर. यावरून असें दिसतें कीं, मर्यादित साधनांत केलेल्या निवडीचा न्याय एका वर्षाच्या निकालावरून करूं नये. तो निर्णय घेतांना पुढील गोष्टींचा विचार झाला होता कीं नाहीं, हेंच पाहावें. पहिली, या गड्याची उणीव भरून काढणारा दुसरा आपल्याजवळ आहे काय? दुसरी, त्याच्या रकमेंत आणखी किती जागा सुदृढ होतील? आणि तिसरी, हा गडी चार वर्षांनंतर आजच्याहून अधिक चांगला होईल कीं आजच शिखरावर आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर सांघिक रचनेंत मिळतें, दुसऱ्याचें गणितांत, आणि तिसऱ्याचें केवळ दूरदृष्टींत. हरियाणाचा विजयहि याच कसोटीस उतरतो. अंतिम सामन्यांत हरलेला आपला संघ त्यांनीं मोडला नाहीं. जयदीप दहिया, राहुल सेतपाल, विनय ही जुनी मंडळी ठेवून तिला जो एक गडी कमी होता तोच जोडला. विकत घेतलेला वीर तेथेंच फळास आला, जेथें घरची फळी आधींपासून एकजीव होती.

आतां हा सारा विषय आपल्या घरापर्यंत येतो तो कसा, हें पालकांच्या ध्यानीं आणून देणें अवश्य आहे. कोट्यवधींच्या बोलींचे आंकडे वर्तमानपत्रांत येतात, आणि आपल्या मुलाची चढाई चांगली आहे हें पाहून एखाद्या बापाच्या मनांत आशा अंकुरते. ती आशा खुडूं नये; पण तिला गणिताचें कुंपण घालावें. बारा संघ, प्रत्येकीं फार तर पंचवीस गडी. म्हणजे साऱ्या देशांतून, आणि परदेशींच्या खेळाडूंसह, अवघ्या तीनशें जागा. त्यांपैकीं कोटीचा आंकडा गांठणारे बोटांवर मोजण्याइतके. बाकी बहुतेक जण लक्षांच्या खालच्या पायऱ्यांवर. करार हंगामापुरता किंवा फार तर दोन-तीन हंगामांचा. आणि गुडघा कोणत्या सामन्यांत दगा देईल, हें पवनलाहि कळलें नाहीं व अस्लमलाहि कळलें नाहीं. पुढील वर्षीं संघानें मोकळें केलें, तर त्यांत खेळाडूचा दोष असेलच असें नाहीं; दुसऱ्या कोणाची बोली चढली म्हणूनहि त्याचें नांव यादींतून गळूं शकतें. अशा जीवनास लागणारी मनाची तयारी मुलांत आहे काय, हें प्रथम पाहावें.

यावरून मुलास मैदानापासून ओढून आणावें, असा अर्थ कोणी घेऊं नये. महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत गुणवान् खेळाडूंसाठीं शेंकडा पांच जागा राखीव असतात. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ आहेत. आणि खेळानें कमावलेलें शरीर व शिस्त तर कोणत्याहि लिलावांत विकली जात नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, खेळाबरोबर पुस्तकहि हातीं असूं द्यावें. संघ जसा एका खेळाडूवर सारी थैली रिती करीत नाहीं, तशीच कुटुंबानेंहि आपल्या मुलाच्या आयुष्याची सारी थैली एकाच बोलीवर लावूं नये.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्याजवळहि एक थैली आहेच. दिवसाचे चोवीस तास हे श्रीमंताच्या व गरिबाच्या मुलास सारखेच मोजून मिळाले आहेत; त्यांत कोणासहि वाढीव बोली लावतां येत नाहीं. एका गोष्टीस दिलेला वेळ दुसऱ्या गोष्टींतून वजा होतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत धांवपळ करून मिळविलेले गुण हे बाजारांतून आणलेल्या वीरासारखे असतात. कधीं कामीं येतात, कधीं ऐन वेळीं मुरगळतात. रोजच्या तासाभरानें वाढविलेला अभ्यास हा मात्र घरच्या गड्यासारखा असतो. तो हळूहळू तयार होतो, आरंभीं कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. पण हरल्याच्या दुसऱ्या वर्षीं पुन्हां उभें राहण्याची वेळ येते, तेव्हां तोच उपयोगीं पडतो.

आपल्या दुष्काळी मुलखास हा धडा नवा नाहीं. येथील शेतकऱ्यास पाणी नेहमींच मोजून मिळालें. त्या थोडक्या पाण्यांत त्यानें कोणतें झाड जगवावें आणि कोणतें सोडून द्यावें हें ठरविलें, आणि त्याच माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या केल्या. मर्यादा आहे म्हणून तो रडत बसला नाहीं. मर्यादेनेंच त्यास निवड करावयास शिकविलें. संघाची थैलीहि हेंच शिकविते. पुढल्या वेळीं सामना पाहाल, तेव्हां जिंकणाऱ्या गड्याचें कौतुक तर कराच; पण त्याच्या मागें राखीव जागेवर बसलेल्या, नांव ठाऊक नसलेल्या त्या तरुणाकडेहि एकदां पाहा. कोणीतरी पुष्कळ विचार करून, दुसरें कांहीं सोडून देऊन, त्याच्यावर विश्वास ठेवलेला असतो.